दुपारचा हिरवा दिवा

४ फेब्रुवारी

शिंपीणबाईंनी माझ्या दिव्याला खोळ शिवली! चांगली अस्तर लावून. म्हणाल्या, "मेला सारखा डोळे वटारतो. शिवण करू की त्याच्याकडे बघू?"

इतक्या महिन्यांची मेहनत, आणि चाचणीच्या पहिल्याच घरी ही गत. भिंतीवर लावायचा, पंज्याएवढा काचेचा दिवा - घरात वीज कमी जळत असली की हिरवा, वाढली की पिवळा, फारच झाली की लाल. आकडे नकोत, महिनाअखेरच्या बिलाची वाट बघणं नको. वीज डोळ्यांना दिसली की माणूस आपोआप बटण बंद करतो, असं मी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले होते.

माणूस खोळ शिवतो.

७ फेब्रुवारी

दुसऱ्या घरी त्याहून वाईट. तिथे दिवा उघडा आहे, पण त्याचा झालाय मुकादम. नवरा सोफ्यावर लोळत ओरडतो - "लाल झाला गं, इस्त्री बंद कर!" इस्त्री त्याच्याच शर्टावर फिरत होती. बाईंनी माझ्याकडे असं काही बघितलं, की चहा अर्धा टाकून उठले.

साहेबांना सांगितलं. "वापर कमी झाला ना? मग झालं तर!"

काय झालं?

८ फेब्रुवारी

काही केलं नाही. करावंसं वाटलंही नाही.

११ फेब्रुवारी

एक दिवा आपल्याच घरी लावला. बाबा खूश! जन्मभर बस चालवलेल्या माणसाला लाल-हिरवा काय समजावायचा? "म्हणजे सिग्नलच की!" मग संध्याकाळभर माझ्या मागे - गीझर बंद केलास का, चार्जर काढलास का. नाकात नळी, आवाज खरवडलेला, तरी हुकूम चालू.

पण दिवा काही हिरवा होईना. बाबांचं ऑक्सिजनचं मशीन अखंड घरघरत असतं. ते चालू म्हणजे घर पिवळं. त्यात फ्रिज सुरू झाला की लाल.

"म्हणजे घरातला उधळ्या मीच निघालो," बाबा म्हणाले. हसले. मीही हसले.

१४ फेब्रुवारी

साहेबांना विचारलं - दुखण्याखुपण्याची वीज दिव्याने वगळावी, असं काही करता येईल का? "घरं तितकी दुखणी. प्रत्येकासाठी नवा रंग काढणार आहेस?" चिडून बोलले नाहीत, म्हणून जास्त लागलं.

एक मेली वस्तू धड जमत नाही मला.

१९ फेब्रुवारी

लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

ऑफिसातली वीज गेली - आमच्या ऑफिसातली! सगळ्यांना दुपारीच सुटी. घरी आले, दार उघडलं, तर समोर दिवा हिरवागार! पहिल्यांदाच. टाळ्याच वाजवणार होते. "बाबा, बघा तरी -"

आणि मग जाणवलं, घर किती शांत आहे. घरघर नाही.

बाबा खुर्चीत. नळी गुंडाळून मांडीवर ठेवलेली, नीट, दोरखंड ठेवतात तशी. ओठ निळे. मी मशीन लावलं, नळी नाकात बसवली, ॲम्ब्युलन्सला फोन केला. कुठल्या क्रमाने, देव जाणे.

"तू यायच्या आधी लावतो मी," एवढंच त्यांच्या तोंडून फुटलं.

लावतो! म्हणजे रोजचंच? विचारलं, तर डोळे मिटून घेतले.

२० फेब्रुवारी

दवाखाना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फुफ्फुसं आधीच थकलेली, आता आणखी खचलीत.

बापाला श्वास घ्यायची लाज वाटावी, अशी वस्तू मी बनवली. आणि मोठ्या कौतुकाने त्याच्याच डोळ्यांसमोर टांगली.

२१ फेब्रुवारी

सगळ्या घरांतून दिवे काढून आणले. आमचासुद्धा. इस्त्रीवाल्या घरात नवरा कुरकुरला - "आम्हाला फायदा होत होता." बाईंनी स्वतःच स्क्रू काढून दिवा माझ्या हातात दिला.

साहेब म्हणाले, "एका घरात काही झालं म्हणून सगळं बुडवायचं? भावनेच्या भरात निर्णय घेऊ नकोस."

म्हटलं, "भर ओसरलाय, साहेब. आता नुसता निर्णय उरलाय."

टेबल आवरलं. कोणी अडवलं नाही.

२३ फेब्रुवारी

बाबा झोपूनच. बोलत नाहीत. बाकावर बसून माझी पाठ धरली.

२५ फेब्रुवारी

आज बाबा बोलले. मी पुन्हा सुरू केलं होतं - दिवा, माझी चूक, मीच लावला... त्यांनी बोट वर करून थांबवलं.

"दिव्याला कशाला बोल लावतेस? तो यायच्या कितीतरी आधीपासून मी मशीन बंद ठेवतोय. मला पुरे झालंय, पोरी. तुला सांगायला जीभ रेटत नव्हती. आता घरी नेशील ना, तर त्या मशीनशिवाय ने."

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. घरी मशीनची सोय आहे ना, विचारत होत्या.

बाबा माझ्याकडे बघत होते.