चार बोटं वर, चार बोटं खाली

१९ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. मी ठीक आहे, डावा गुडघा सोडला तर. तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. उत्तराला उशीर केला म्हणून आधीच शिव्या घालून घे, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

बागेत थंडीची तयारी चालू आहे. सकाळपासून झुडपांना गोणपाट गुंडाळायचं, वर सुतळी बांधायची, बुंध्याशी पालापाचोळा ओढायचा. तुझ्या कुंपणावर माजते ती बोगनवेल इथं काचघरात पाहुणीसारखी राहते. वर्षाला मूठभर फुलं देते आणि उपकार केल्यासारखी वागते. जास्वंदाचंही तेच. आमचा मुकादम म्हणतो, "तुझ्या माहेरची सगळी मंडळी लाडावलेली!" उलट इथल्या काही झुडपांना थंडीत नीट गारठवल्याशिवाय कळीच धरत नाही. तुझ्याकडे आणली तर नुसती पानं काढून बसतील.

मी घुटमळतोय, हे तू ओळखलं असशीलच. लहानपणी कप फोडला की मी असाच हवापाण्याच्या गप्पा मारत तुझ्या मागे मागे फिरायचो.

तुझ्याकडचं मूळ झाड या उन्हाळ्यात जळून गेलं, हे तीनदा वाचलं. नऊ वर्षं खपून तू तो गुलाब तयार केलास, चिरलेल्या बीटासारख्या रंगाचा. आणि वर लिहितेस, "रडत बसले नाही. पोरगी तुझ्याकडे सुखानं नांदतेय, मग काय काळजी? छाटणीच्या वेळी चार काड्या पाठव. होऊ दे तिचं माहेरपण."

ताई, पोरगी नाही गं. पहिल्याच थंडीत गेली. सहा वर्षं झाली.

सगळं सांगतो. मी इकडे बागेत नोकरीला निघालो त्या दिवशी तू दारापर्यंतसुद्धा आली नाहीस. अख्खी नर्सरी तुझ्या एकटीच्या गळ्यात टाकून चाललो होतो, तुझा राग रास्तच होता. पण गाडीत पिशवी उघडली तर ओल्या फडक्यात गुंडाळलेलं त्याच गुलाबाचं कलम, आणि चिठ्ठी, "पोरगी देतेय. जाच करू नकोस." मी लाज सोडून सगळ्या गाडीदेखत रडलो.

इथं आल्यावर खड्डा खणला. मुकादम शेजारी उभा. म्हणाला, "कलमाचा जोड चार बोटं खाली घे. मातीत गाडला तरच थंडीत वाचेल." मी म्हटलं, "छे! आमच्या ताईनं शिकवलंय. जंगली खुंटावर चांगल्या गुलाबाचा डोळा भरला की जोड मातीच्या चार बोटं वर. ओल लागली की कुजतो." तो खांदे उडवून म्हणाला, "तुझी ताई इथं राहते का?" मला असा राग आला! हट्टानं चार बोटं वर ठेवला.

तुझं तुझ्या मातीत खरंच होतं. इथं त्याचंच खरं होतं.

थंडी सरल्यावर बुंध्यातून हिरवे धुमारे आले, आणि मी नाचत नाचत तुला लिहिलं, पोरगी जगली! पानाला पाच दलं आहेत की जंगली खुंटासारखी सात, ते मोजायला हवं होतं. तुझ्या हाताखाली वाढलेला मी, मला का कळत नव्हतं? मोजायचा धीर झाला नाही. तुझं उलट टपाली उत्तर आलं, चार पानी. तेवढं मोठं पत्र तू मला जन्मात लिहिलं नव्हतंस. त्याच आठवड्यात कळ्या उमलल्या. पांढरी, बटणाएवढी फुलं, झुबक्यानं. वरचा डोळा मेला होता. फुललं होतं ते खालचं जंगली.

मेली असं कळवलं असतं, तर का मेली हेही सांगावं लागलं असतं. तुझ्या शिकवणीनं मेली, हे मी कुठल्या तोंडानं सांगणार होतो? आणि त्याहून वाईट म्हणजे, मग आपण एकमेकांना लिहिणार कशाबद्दल? तुझ्या प्रत्येक पत्रात पोरीला खत घातलंस का, पोरीला माव्याची कीड पडली का. माझी चौकशी शेवटच्या अर्ध्या ओळीत. म्हणून मी दरवर्षी फुलं मोजून कळवत राहिलो. गेल्या वर्षी एकवीस लिहिली. एकवीस!

परवा तर कहर केला. कुठल्याशा वाळक्या काड्या फडक्यात बांधल्या. वाळल्यावर सगळ्या सारख्याच दिसतात. म्हटलं, तू टपालखात्याच्या नावानं बोटं मोडशील आणि पुढच्या वर्षी पुन्हा मागशील. आणखी एक वर्ष पत्रं येतील. पत्ता लिहायला घेतला. तुझं नाव लिहून झालं आणि पुढे हात चालेना. शेकोटीत टाकल्या.

ताई, तुझा गुलाब आता जगात कुठंच उरलेला नाही. मुकादमाचं ऐकलं असतं तर उरला असता. माफ कर असं लिहिणं सोपं आहे, म्हणून लिहीत नाही.

आणखी एक. दोन वर्षांपूर्वी कळवलं होतं बघ, की पोरीला इथलं मानवत नाही, मान खाली घालून असते, कुणात मिसळत नाही? तू लगेच दोन पानं उपाय लिहून पाठवलेस. ऊन दाखव म्हणालीस, जागा बदल म्हणालीस, तिच्याशी बोलत जा म्हणालीस. ती पानं अजून उशाशी आहेत. पोरीच्या नावानं ते सगळं मी माझंच लिहिलं होतं.

खोलीत शिरलो की स्टोव्ह पेटवेपर्यंत तोंडातून वाफ निघते. बोलायला कुणी नाही, म्हणून तीच बघत बसतो.

पोरीची विचारपूस आता संपली. माझी करशील का?

तुझा,
बारक्या