अष्टपुत्रे सभागृहाला माझी जागा नाही

मी, अंबिका रामचंद्र निसळ, वय एकाहत्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार श्रीगोंदा, जि. अहिल्यानगर, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. मन ठिकाणावर आहे. राग आहे, पण रागाला वेड म्हणत नाहीत.

१. राहते घर व लगतची मोकळी जागा माझी स्वकष्टार्जित आहे. धाकटा भाऊ माधव याने मला न विचारता ती जागा कै. डॉ. वैजनाथ अष्टपुत्रे यांच्या स्मारक सभागृहाला देण्याचा शब्द दिला. तो मला बंधनकारक नाही. समितीची मंडळी संमतिपत्र घेऊन आली तेव्हा मी तापाने पडले होते. माझ्याकडे स्वयंपाक करणारी मनकर्णा दारातच उभी राहिली. म्हणाली, "बाई अजून व्हय म्हनल्या न्हाईत." मंडळी परतली.

२. नकाराचे कारण. अष्टपुत्रे पुण्यात माझे संशोधनाचे मार्गदर्शक होते. अणुकेंद्रकावर न्यूट्रॉन सोडले की काही विखुरतात, काही आत शोषले जातात. केंद्रक म्हणजे धुरकट काचेचा गोळा असे मानून हे गणित मांडतात. त्याला ऑप्टिकल मॉडेल म्हणतात. तो गोळा किती वळवतो आणि किती गिळतो, म्हणजेच त्याचे विभव, ठरवणे हे माझे काम. कमी ऊर्जेला मागच्या दिशेने गणितापेक्षा जास्त न्यूट्रॉन येत. गिळलेल्यांपैकी काही तितक्याच ऊर्जेने पुन्हा बाहेर पडतात. ते गणितात वेगळे मिळवावे लागतात. हे पुस्तकांत होतेच. पण ते मिळवले की सरांचे नवे विभव चुकीचे ठरत होते.

सर म्हणाले, "मागच्या दिशेचे ते बिंदू आलेखातून काढून टाक. उद्या प्रबंधावर सही करतो."

मी म्हटले, "सर, ते मोजलेले आहेत."

सही झाली नाही. बिंदू गाळून निबंध त्यांच्या एकट्याच्या नावे छापला गेला. पुढे परदेशातून टीका झाली, तेव्हा त्यांनी दुरुस्त विभव छापले. आकडे माझ्या प्रबंधातले, जसेच्या तसे. आभारातही मी नाही. मी जन्मभर आठवीला आरसे आणि भिंगे शिकवली. शिकवण्याची लाज नाही. ढकलले गेल्याचा संताप आहे.

३. घर व जागा माझी विद्यार्थिनी राजेश्वरी दरेकर हिला. ती आज न्यूट्रॉनच्या विखुरण्यावरच संशोधन करते, आणि माझे गणित पटले नाही तर तोंडावर सांगते. मागची खोली मनकर्णाकडे तहहयात राहील. बँकेतील शिल्लकही मनकर्णाचीच.

४. माधवला काहीही नाही. विसरले म्हणून नव्हे. परवा तो म्हणाला, "ताई, माणूस गेला. आता सोड." गेलेल्याचे नाव भिंतीवर चढवायचे आणि सोडायचे मात्र जिवंत बाईने, हा न्याय मला मान्य नाही.

५. माझ्या निधनाच्या बातमीत नावाआधी 'डॉ.' लावू नये. तो मान मी कमावला होता, तेव्हा दिला नाही. आता दया म्हणून नको.

वाचून, समजून सही केली.
अंबिका रामचंद्र निसळ

साक्षीदार, आमच्यासमक्ष सही झाली:
डॉ. अश्विनी केदार मुळे, श्रीगोंदा
आबासाहेब नागवडे, निवृत्त मुख्याध्यापक, श्रीगोंदा

श्रीगोंदा, १४ नोव्हेंबर २०२५