प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी

माय, उद्या प्रभुभोजनाचा रविवार आहे आणि मला घरात बसवत नाही. सकाळी अंबाडी खुडून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली, ती दुपार कलली तरी ओट्यावर तशीच पडली आहे. मधल्या वेळात वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घातल्या, त्या मनासारख्या झाल्या नाहीत म्हणून उलगडल्या. चहा केला, तो निवून गेला. कुंपणापाशी जाऊन आले. पलीकडे धाकट्या भावाचं घर आहे, तू पाहिलंस तेच, फक्त कवेलू जाऊन आता वर स्लॅब आला आहे. भावजय अंगणात मिरच्या वाळत घालत होती. तिला मी दिसले नाही की दिसूनही तिनं वर बघितलं नाही, देव जाणे. मी आत आले आणि तुला लिहायला बसले.

काय झालं ते आधी सांगते. मागच्या महिन्यात घरसभा होती. तुझ्या वेळची रीत अजून तशीच आहे, दर आठवड्याला एकेकीच्या घरी जमायचं, अर्धी गाणी तेलुगूत, अर्धी मराठीत, आणि शेवटी जिला ज्या गोष्टीसाठी प्रार्थना हवी असेल तिनं उभं राहून सांगायचं. भावजय उभी राहिली आणि म्हणाली, "माह्या भाच्यासाठी प्रार्थना करा. पोरगं दारूच्या नादी लागलं." भाचा म्हणजे माझा मुलगा. सगळ्या बायकांनी उसासे टाकले, देवाची करुणा भाकली. सभेतल्या एकीलाही मी ही गोष्ट कळू दिली नव्हती. खोटी नव्हती ती, पण माझ्या घरातली होती, आणि तिनं ती देवाचं नाव घेऊन चव्हाट्यावर मांडली. लोक ज्याला चहाडी म्हणतात त्याला आम्ही प्रार्थनेचा विषय म्हणतो, एवढाच फरक.

मीही काही कमी नाही. पुढच्या घरसभेत मी डोळे मिटले, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी प्रार्थना केली. प्रभू, आमच्या घरच्या माणसांच्या जिभेला आवर घाल, दुसऱ्याच्या ताटात वाकून बघायची त्यांची खोड मोड. नाव घेतलं नाही, घ्यायची गरजही नव्हती. सगळ्यांनी आमेन म्हटलं, तिनंही म्हटलं. त्या वेळी मला फार बरं वाटलं माय, अगदी गार वाटलं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. आणि रविवारच्या शाळेत लेकरांना चांगलं वळण लावायचं काम चर्चच्या मंडळीनं माझ्याकडेच दिलं आहे. हसू नकोस.

तुझा तो शनिवार मला आज सकाळपासून सोडत नाही. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी तू दुपारची भांडी घासून झाली की पदराला हात पुसायचीस आणि मळ्यात जायचीस. जे हाताला लागेल ते घ्यायचीस, मेथी, वांगी, नाहीतर ही अंबाडी. महिनाभरात जिच्याशी वाजलं असेल तिच्या दाराशी रिकाम्या हातानं जायचं नाही, आणि तिथं जाऊन आल्याशिवाय दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये प्रभूच्या भाकरीला हात लावायचा नाही, असा तुझा नेम. तेव्हा वस्तीत आपलं एकच घर ख्रिस्ती, मंडळीतली बाकीची घरं लांब, त्यामुळे शेजारणींना हा काय प्रकार आहे ते कधी उमगलं नाही. पण फुकटची भाजी येते म्हणून त्या तुझ्या भांडणांची वाट बघायच्या, असं बाबा म्हणायचे.

बोथ गावच्या बाजारात आपल्या शेजारी भाजी लावून बसायची त्या मावशीची गोष्ट आठवते? ती तुझी गिऱ्हाइकं खुणावून ओढते असं तुझ्या मनात आलं होतं. तोंडानं तू एक अक्षर बोलली नव्हतीस. तरी मनात आलं म्हणजे पाप झालंच, म्हणून वांगी घेऊन तिच्याकडे गेलीस. मी तुझ्या मागेच होते.

"बाई, मले माफ कर. माह्या मनात तुह्याबद्दल वाईट आलतं."

"काय वाईट आलतं?"

तुला खोटं बोलता येईना. तू सगळं सांगितलंस. मग जे भांडण झालं ते त्या गल्लीनं बरेच दिवस पुरवून पुरवून सांगितलं. मावशीनं वांगी रस्त्यावर भिरकावली. घरी येऊन चुलीपुढे बसल्यावर तू एकदम हसत सुटलीस. "माफी मांगाले गेली अन् भांडण घेऊन आली. म्या आपलं मन हलकं केलं वं, अन् तिच्या डोक्यावर ठेवलं." पुढच्या खेपेला तू पुन्हा गेलीस. या वेळी काहीच बोलली नाहीस. ती मेथीच्या जुड्या बांधत होती, तू समोर बसलीस आणि बांधू लागलीस. बऱ्याच वेळानं तीच म्हणाली, "सैल बांधू नको, सुटते." झालं, मिटलं.

मी तेव्हा शाळेत होते आणि मला तुझी लाज वाटायची. एकदा मी विचारलं, एवढी चांगली आहेस तर मुळात भांडतेसच काऊन? तू मला फाडकन बोललीस. "चांगली असती तं दर महिन्याले जा लागलं असतं काय? मन लय कोडगं असते, पोरी. ते नाई शिकत लवकर. पाय शिकते. पायाले लाव सवय, मन येते मांगून रडत रडत."

लेकरांना मी हे शिकवत नाही. त्यांना मी प्रीती, शांती, सहनशीलता असे मोठे शब्द पाठ करायला लावते, आणि त्यांना ते माझ्यापेक्षा चांगले येतात.

आज सकाळी मुलगा जेवताना म्हणाला, "आई, माह्यासाठी प्रार्थना केली त्या दिवशी मामी रडून राह्यली होती." मी म्हटलं, तुला काय माहीत? "मी तुले न्यायले आलतो ना. दारातच उभा होतो. तुमचे सगळ्यांचे डोळे बंद होते, मी पायलं." मग म्हणाला, "पुढच्या वेळी तू प्रार्थना केली तवाबी मी दारातच होतो." एवढं बोलून तो हात धुवायला उठला. तेव्हापासून मी अशी आतबाहेर करते आहे. तिथं जाऊन काय बोलायचं ते मनात जुळवते, तर प्रत्येक वाक्याच्या शेवटी तिचीच चूक निघते. मग मावशीची वांगी आठवतात आणि मी स्वतःला सांगते, बघ, जाऊन उलट बिघडतं. तुझी गोष्ट मी तुझ्याच विरुद्ध वापरते आहे, माय. उद्या भाकरीचं ताट माझ्यापाशी येईल तेव्हा घ्यावं तर घशाखाली उतरणार नाही, आणि पुढे सरकवलं तर शेजारी तीच बसलेली असते.

अंबाडीची पानं मलूल झाली आहेत. भावजय अजून अंगणातच आहे. मिरच्यांचे देठ खुडत बसली आहे, एकटीच, आणि समोर ढीग मोठा आहे. तू आता नाहीस, हे पत्र कुठे जायचं नाही हे मलाही ठाऊक आहे. खरं सांगू? तुझी आठवण आली म्हणून मी लिहायला बसले नव्हते. लिहीत असलं की उठावं लागत नाही, म्हणून बसले.