गाळलेली सहा मिनिटं

अक्का, तुम्ही बरोबर होतात. एवढं एक वाक्य लिहायला मला सतरा वर्षं लागली, आणि तुम्हाला जाऊनच पंधरा झाली. तरी लिहितोय. रविवारची दुपार आहे, बायको बहिणीकडे मारतहळ्ळीला गेलीय.

गुरुवारी नव्या उपग्रहाची निरीक्षणं पहिल्यांदा सगळ्यांसमोर मांडली. तोही आपल्या जुन्या उपग्रहासारखाच तिथे फिरतो, चारशे-पाचशे किलोमीटरवर, जिथे आपली हवा संपली म्हणावी तर संपलेली नसते आणि अवकाश सुरू झालं म्हणावं तर झालेलं नसतं. वरून सूर्याचा मारा, खालून ढगांचे धक्के, आणि मधल्या त्या विरळ, विद्युतभारित थराचं काय होतं ते मोजायचं. काम तेच. फरक इतकाच, की याच्यावर एकच गोष्ट मोजणारी दोन वेगळी उपकरणं आहेत. आमच्या गटातल्या एका बाईंनी पडद्यावर आलेख लावला. सूर्यास्तानंतर थोड्या वेळाने त्या थरात एक बारीक लाट उठलेली, दोन्ही उपकरणांत अगदी एकसारखी. खाली गडगडाटी ढग असले की ती जास्त ठळक दिसते, असं त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, की जुन्या उपग्रहाच्या आकड्यांत नेमक्या याच जागी सहा मिनिटं कोरी का आहेत. मी पाणी प्यायलो आणि बघून सांगतो म्हणालो.

बघायचं काय डोंबल! ती सहा मिनिटं मीच गाळली होती.

ऑफिसात तुम्ही सगळ्यांच्या मॅडम. मी अक्का म्हणायला लागलो ते तुम्ही मला पहिल्यांदा मराठीत झापलंत त्या दिवसापासून. एका आलेखात मधेच एक आकडा वेडावाकडा आला होता, मी तो 'गडबड आहे' म्हणून खोडला होता. तुम्ही चष्मा कपाळावर सारून विचारलंत, "गडबड कुणाची? आकाशाची की तुझी?" तुमचं मराठी घराणं या कानडी मुलखात किती पिढ्यांचं ते तुम्हालाही सांगता यायचं नाही, आणि माझे आजोबा चिक्कपेटेत कापडाचं दुकान टाकायला आलेले. पण त्या रागावण्यात मला घर सापडलं. मग शनिवारी येलहंक्याला तुमच्याकडे येणं सुरू झालं. तुमचं ते स्वयंपाकघर आत्ताही समोर दिसतं. टेबलावर उपग्रहाच्या एकेका फेरीचे लांबच लांब छापील कागद पसरलेले, वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांवर डाळीचे डबे ठेवलेले, आणि तुम्ही अवरेकाळूचे, आपल्या वालाचे, दाणे सोलता सोलता एकेक रेघ वाचताय. मधेच ओला हात पदराला पुसून पेन्सिलीने खूण करताय. मी घाई केली की 'स्वल्प थांब' म्हणायचात. किडका दाणासुद्धा हातात घेतल्याशिवाय टाकत नाही आपण, मग आकडा न बघता कसा टाकतोस, हे तुम्ही मला किती वेळा ऐकवलंत याला गणतीच नाही. मला तेव्हा या सगळ्याचा वैताग यायचा, खरं सांगतो. पोरं मागे तुम्हाला 'पेन्सिल मॅडम' म्हणायची आणि मीही हसायचो.

मी तोपर्यंत माझा प्रोग्रॅम लिहिला होता. उपग्रह उन्हातून पृथ्वीच्या सावलीत शिरला की त्याच्या अंगावरचा विद्युतभार बदलतो आणि उपकरण थोडा वेळ भलतंच वाचतं. म्हणून सावलीनंतरची सहा मिनिटं माझा प्रोग्रॅम आपोआप गाळायचा. तुमचं म्हणणं, उपकरण मिनिटभरात ताळ्यावर येतं, आणि त्यानंतर जी बारीक लाट दिसते ती खरी आहे, खालच्या ढगांकडून वर आलेली आहे. त्यावर तुम्ही लेख लिहायला घेतला होता. निवृत्तीला चार महिने राहिले होते, म्हणजे तो शेवटचाच. माझं म्हणणं, लाट वगैरे काही नाही, तो सावलीचा दोष. तुम्ही भांडला नाहीत. चाळीस फेऱ्या निवडून त्यांची यादी माझ्या हातात दिलीत आणि परीक्षा सांगितलीत, तीही किती सोपी. लाट प्रत्येक फेरीत सावलीनंतर त्याच मिनिटाला येत असेल, तर दोष उपकरणाचा. तिची जागा सरकत असेल, तर ती आकाशातली. "मूळ आकडे काढ आणि डोळ्यांनी बघ. तू सांगशील ते मी मानेन," म्हणालात.

आठवड्याने मी तुमच्या टेबलापाशी उभा राहून सांगितलं, "अक्का, चाळीसही बघितल्या. एकाच जागी आहे."

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मग "सरी", बरं, एवढंच म्हणालात. दुसऱ्या दिवशी बैठकीत सगळ्यांसमोर उभ्या राहून सांगितलंत की माझी चूक झाली, याने तपासलंय, लेख मागे घेते. माझा प्रोग्रॅम मंजूर झाला, आणि पुढे त्यावरच माझं नाव झालं, बढती मिळाली, एचएसआर लेआउटचं हे घर झालं. तुम्ही निरोपसमारंभात माझं कौतुकसुद्धा केलंत, आणि मी ते मान खाली घालून ऐकून घेतलं. लोकांना वाटलं, पोरगा किती नम्र आहे.

तुम्ही गेलात तेव्हा भेटायला आलो होतो. स्वयंपाकघरातलं टेबल रिकामं होतं. तुमच्या मुलीला विचारलं, कागद कुठे आहेत. ती म्हणाली, आईने स्वतःच रद्दीत घातले, मी ठेवू या म्हटलं तर म्हणाली, "त्याने बघितलंय ना, मग झालं." मला रडू फुटलं. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला, पाणी आणून दिलं. ती मलाच धीर देत होती, अक्का. आणि मी तो घेतला.

कागद गेले, पण मूळ आकडे ऑफिसात जपलेले आहेत. शुक्रवारी दार लावून बसलो आणि तुमच्या यादीतल्या चाळीसही फेऱ्या एकेक करून काढल्या. प्रोग्रॅम चालवला नाही. छापून घेतल्या आणि पेन्सिल घेऊन वाचल्या, दिवस गेला. लाट आहे. कधी तिसऱ्या मिनिटाला, कधी सहाव्याला, वळवाच्या दिवसांत तर एवढी मोठी की आंधळ्यालाही दिसावी. एकदाही तुमची खूण चुकलेली नसणार, पण आता ती ताडून बघायलाही काही उरलेलं नाही.

त्या बाईंच्या लेखाच्या मसुद्यात 'ही लाट प्रथमच दिसली' असं वाक्य होतं. ते काल मी बदलून घेतलं. आता तिथे तुमचं नाव आहे, सतरा वर्षांपूर्वी तुम्ही ती ओळखली होती असं स्पष्ट लिहिलंय, आणि जुन्या प्रोग्रॅममध्ये गाळण्याची मर्यादा जास्त धरली गेल्याने ती सुटली, असंही. 'धरली गेल्याने' हे शब्द माझे. कुणी धरली ते मी लिहिलं नाही. बाई फोनवर म्हणाल्या, जुनी चूक कबूल करायला मोठं मन लागतं सर. मी थँक्यू म्हणालो. लाज कशी ती वाटली नाही त्या क्षणी. फोन ठेवल्यावर वाटली, आणि अजून वाटतेय.

हे पत्र तुमच्या मुलीला नेऊन द्यावं म्हणून लिहायला बसलो होतो. ती अजून येलहंक्यातच असते, रिक्षाने गेलो तर संध्याकाळच्या कॉफीला पोचेन. पण नाही देणार, माझी छाती नाही. त्या बाईंना वाटतं मी चुकलो. ऑफिसला वाटतं प्रोग्रॅम चुकला. तुम्हाला वाटलं, तुम्ही चुकलात. चुकलं कुणीच नव्हतं, अक्का. त्या आठवड्यात मी चाळीसपैकी दोन फेऱ्या उघडल्या होत्या. पहिलीत लाट चौथ्या मिनिटाला होती. दुसरीत पाचव्या.