नव्या नावांच्या पट्ट्या

३ मार्च
आज सकाळी सव्वादहाला माझं वाटोळं झालं. शिक्षण खात्याचा तपासनीस कारखान्यात आला आणि ती त्याच्याकडे बघून हसली.

आम्ही शाळांचे भिंतीवरचे नकाशे बनवतो. गोरे साहेब गेले, देशांची नावं बदलली, सगळे नकाशे नव्याने छापणार कधी? म्हणून जुन्या नावावर नव्या नावाची पट्टी डकवायची. ती मैद्याची खळ शिजवते, मी पट्ट्या लावतो, हा तपासनीस बघून सही करतो. त्याची पदवी पुरी — माझं कॉलेज अर्धं!

५ मार्च
ऱ्होडेशियावर झिम्बाब्वे लावत होतो. तपासनीस तिला सांगत होता, ऱ्होड्स नावाच्या माणसाचं नाव अख्ख्या देशाला दिलेलं. मला तो ऱ्होड्स लगेच कळला. आवडलं की आपलं नाव लावून मोकळं व्हायचं! बोललोही तसं. खळ ढवळता ढवळता ती म्हणाली, "आणि तिथल्या लोकांना कुणी विचारलं?"

तपासनीस हसला. माझे कान तापले.

६ मार्च
जेवलो नाही. आई म्हणाली, कॉलेज सोडलंस, आता जेवणही सोड.

९ मार्च
त्याने तिला पुस्तक आणून दिलं. वर कव्हर घालून! ती हात धुवायला गेली तेव्हा मी खळीत दोन तांबे पाणी ओतलं. पट्ट्या आज चिकटतील, आठवड्यात सुटतील. सही त्याची, अब्रूही त्याचीच जाईल.

१७ मार्च
शाळेतून निरोप आला, सुटल्या! भरल्या वर्गात, मुख्याध्यापकांसमोर. पट्ट्या फरशीवर, नकाशावर पुन्हा जुनी नावं. मला नाचावंसं वाटलं.

मग मालकांनी विचारलं, खळ कुणाची? तिला म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस. तिच्या घरात तिचा एकटीचा पगार येतो. तपासनीस मध्ये पडला — नीट न बघता सही केली, चूक माझी. मालक ऐकेनात. मी ब्रश धूत होतो. इतका वेळ कुणी ब्रश धुतो का!

१८ मार्च
ती एप्रन न्यायला आली. "पाणी तू घातलंस. काल तुझी पाठ बघूनच कळलं," म्हणाली. "मला काढलं तेव्हा तरी बोलशील वाटलं."

मग मी मालकांना सगळं सांगितलं. ती राहिली, माझी नोकरी सुटली. ती चुलीवर पातेलं चढवत होती, वळली नाही. कुणाकडेच न बघता बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.