परमिट भेटलं नाही

९ मार्च

आज तीनदा लाइन गेली. तिसऱ्यांदा हे उठले, पायात चप्पल सरकवली, खुंटीवरची खाकी पिशवी खांद्याला लावली — आत पकड, टेस्टर, एक फाटका रबरी हातमोजा — आणि मला विचारलं, "परमिट भेटलं का?"

"नाही भेटलं अजून."

"बरं." पिशवी मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेला बसले. लाइन येईपर्यंत तसेच.

यांना निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली. त्यातलं एकही आता यांच्याजवळ नाही. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं — विसरण्याचा आजार आहे, वाढत जाणार. नातवाचं नाव गेलं. जेवलो की नाही, ते गेलं. चौतीस वर्षं लाइनमन होतो, हे तेवढं जात नाही. लाइट गेली की यांना वाटतं ड्युटी लागली.

आणि खांब घरासमोरच आहे. डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, कोपऱ्यावर.

त्या उन्हाळ्यात एकदा शिडी लावून दोन पायऱ्या चढले होते. मी खालून पाय धरून ठेवले आणि रडले. दुसऱ्या दिवशी फाट्यावरच्या सबस्टेशनमधला इंद्रकुमार घरी आला. यांच्याच हाताखाली शिकलेला, आता ऑपरेटर आहे. म्हणाला, "काकू, अडवू नका, भांडू नका. फक्त म्हणा, परमिट भेटलं नाही. काका हलणार नाहीत."

खरंच हलत नाहीत. मागून लाइन बंद केली आहे आणि मी सांगेपर्यंत कोणी चालू करणार नाही, असा सबस्टेशनचा लेखी कागद म्हणजे परमिट. तो हातात आल्याशिवाय यांनी जन्मात तारेला हात लावला नाही.

तेव्हापासून मी रोज खोटं बोलते. कधी दिवसातून पाच वेळा.

१० मार्च

दोनदा. "नाही भेटलं." "बरं."

१५ मार्च

दुर्गेशचा नागपूरहून फोन. बिल पाहिलं म्हणे मोबाइलवर.

"आई, दोन माणसं आणि एवढं बिल? युनिटचा दर बघितलास? वर वहन आकार, स्थिर आकार..."

मी म्हटलं, बघून काय करू? ठरवतं कोण तेच मला कळत नाही. पूर्वी एक बोर्ड होतं. त्याच्या तीन कंपन्या झाल्या — एक वीज बनवते, एक वाहून आणते, एक घरी देते. आम्ही अजून 'बोर्ड'च म्हणतो. पत्ता बदललेल्या माणसाला जुन्या घरी हाक मारावी तसं. आता नवं मीटर लागलंय, ते म्हणतं दिवसा वापरा, स्वस्त पडेल; दिवस मावळला की महाग. लाइट लागते ती दिवस मावळल्यावरच ना?

दुर्गेश म्हणाला, छतावर सोलर बसवू. सरकारची योजना आहे, सबसिडी मिळते. "बिलाचं टेन्शनच नको. आणि लाइन गेली तरी आपल्याकडे आपली वीज. बाबा उठणारच नाहीत."

हे शेवटचं ऐकलं आणि मी हो म्हटलं. बिलासाठी नाही.

इन्व्हर्टर आहे घरात, पण तो यांना फसवू शकत नाही. पंखा फिरतोय, बल्ब जळतोय, तरी हे खिडकीतून रस्त्यावरचा दिवा बघतात. "ही बॅटरी हाये," म्हणतात. "लाइन नाई." सोलर तर बॅटरी नाही ना.

१८ मार्च

गोंदियाला औषधं आणायला गेले होते. येताना जुन्या रेल्वे क्वार्टर्सकडून रिक्षा आणायला लावली. आमचं क्वार्टर ओळखू आलं नाही. पेरूचं झाड तेवढं ओळखलं.

माझे बाबा रेल्वेत गार्ड होते. दिवसा कॉन्व्हेंट, संध्याकाळी क्वार्टर. आणि लाइट गेली की आई चिमणी पेटवायची. रॉकेलची ती छोटी चिमणी, तिच्या धुराने नाकपुड्या काळ्या. सकाळी प्रार्थनेच्या रांगेत सिस्टर ऑगस्टीन प्रत्येकीचं नाक रुमालाने पुसायच्या. त्याच रुमालाने एकदा माझे डोळे पुसले. मैत्रिणीने न केलेला गृहपाठ तिने केला म्हणून मी सांगितलं होतं, तिला वाचवण्यासाठी. त्या म्हणाल्या, "बाळ, कोणासाठी बोललीस त्याने खोट्याचा रंग बदलत नाही."

साठी उलटली, अजून ऐकू येतं.

आता नागपूरला जाताना गाडी तिरोड्याजवळ आली की खिडकीतून वीज केंद्राच्या त्या चिमण्या दिसतात. आकाशाला टेकलेल्या. एवढी वीज इथे आपल्या जिल्ह्यात तयार होते आणि कुठल्या कुठे जाते. मला रॉकेलच्या चिमणीचं पटायचं — जिच्या उजेडात बसलोय, तिचाच धूर नाकात.

२२ मार्च

आज हे छान होते. सकाळी मला नावाने हाक मारली. दुपारी केशोरीचं काही तरी बोलले, म्हणून आठवलं.

लग्न होऊन केशोरीला गेले तेव्हा गावात लाइन होती ती मोजक्या घरांत. कॉन्व्हेंटमधली मुलगी, लाइनमनची बायको — क्वार्टरमधल्या बायकांनी बाबांना नावं ठेवली. पण पहिल्याच महिन्यात हे मला सायकलवर मागे बसवून एका टोल्यावर, बाजूच्या छोट्या वस्तीवर, घेऊन गेले. तिथे त्या दिवशी पहिली जोडणी द्यायची होती. हे खांबावर, खाली सगळी वस्ती. बल्ब लागला आणि एक म्हातारी पुढे होऊन बल्बला हात जोडून उभी राहिली. मग सगळेच. हे खांबावरून उतरले, टोपी काढली आणि त्यांनीही हात जोडले.

मला विचारलं, "तुमच्या शाळेत असं करत का?"

म्हटलं, "मेणबत्तीपुढे करतो."

"सारखंच झालं," म्हणाले.

अजूनही लाइन आली की हे हात जोडतात. आज जोडले तेव्हा मीही जोडले.

२ एप्रिल

सोलर लागलं. सहा काळ्या पाट्या, छतावर उताराने. बसवणारे दोघं दिवसभर वर. खाली भिंतीला एक डबा, त्यात हिरवा दिवा. आपली जास्तीची वीज बोर्डाकडे जाणार, कमी पडली तर तिकडून येणार. नवं मीटर दोन्हीकडे मोजतं.

शेजारची वच्छला धान बघून येता येता फाटकाशी उभी. "काऊन वो बाई, आता सूर्याले बी मीटर लावलं का?"

"लावलं."

"मंग आमच्या पंपाले देजा थोडी. आठ तास म्हणते, अन् त्यातले तीन तास जाऊनच राहते. उन्हाळी धान पिऊन राहिला माझा जीव."

हसलो दोघी. किती दिवसांनी हसले.

हे डब्याजवळ खुर्ची घेऊन बसले. हिरव्या दिव्याकडे एकटक. मला वाटलं, सुटलो.

६ एप्रिल

सुटलो नाही.

दुपारी साडेबाराला लाइन गेली. वर आग ओतणारं ऊन, पाट्या तापून चटके देणाऱ्या — आणि डब्यातला हिरवा दिवा विझला. इन्व्हर्टरवर पंखा तेवढा फिरत राहिला, फ्रिज बंद. मला वाटलं बिघडलं. दुर्गेशला फोन केला, त्याने बसवणाऱ्याला केला, मग मला परत केला. आवाज पडलेला.

"आई, ते ऑनग्रिड आहे. बोर्डाची लाइन गेली की आपोआप बंद होतं. मला वाटलं... मी नीट विचारलं नाही."

"मग ऊन कशाला आहे?" मी म्हटलं. त्याच्यावर ओरडले. तो काय करणार बिचारा.

वच्छला लगेच फाटकाशी. "तुमच्या घरी बी गेली? मंग हे कायले लावलं वो?"

मी काही बोलायच्या आत मागून हे म्हणाले, "बंद झालंच पायजे."

आम्ही दोघी वळलो. हे पिशवी खांद्याला लावून उभे होते. पण डोळे स्वच्छ, कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते असे.

"लाइन बंद हाये म्हणजे वर कोणी तरी चढला असन. घरातला करंट उलटा तारेवर गेला, तर तो मरन ना." मग जरा थांबून, "उदाराम तसाच गेला."

वच्छलाने डोक्यावरचा पदर सारखा केला. मीही.

उदाराम यांचा जोडीदार. दोघांची ड्युटी बरोबर, डबा बरोबर. त्या दिवशी परमिट घेतलं होतं, लाइन मागून बंद होती, उदारामच्या खिशात कागद होता. खाली एका धानगिरणीने लाइन नाही म्हणून जनरेटर सुरू केला आणि बोर्डाची लाइन तोडणारं मधलं बटण फिरवायचं राहिलं. करंट उलट्या बाजूने आला. हे शिडी धरून खाली उभे होते.

तीस वर्षांत हे नाव यांनी घरात घेतलं नव्हतं. नागपूरहून दुर्गेश रुसला, सूर्य रुसला, मी रुसले. फक्त यांना तो बंद पडलेला डबा बरोबर वाटला.

पाच मिनिटांनी विचारलं, "परमिट भेटलं का?"

२४ एप्रिल

बेचाळीसच्या वर गेलंय ऊन. सगळीकडे कूलर, शेतात पंप. लाइन तासाला जाते. तक्रारीच्या नंबरवर बाई आधी हिंदीत बोलते, मग मराठीत, मग नोंद झाली म्हणते.

सात वेळा आज.

७ मे

आज पहिल्यांदा "बरं" म्हणाले नाहीत.

"रोज नाही कसं भेटत? लोक अंधारात बसून राहिले. तू विचारलंच नाई."

"विचारलं."

"कोणाला विचारलं?"

एवढंच एक खोटं मला येतं. त्याच्या पुढचं दुसरं येत नाही. हे माझ्याकडे बघत राहिले. नवऱ्याने बायकोकडे बघावं तसं नाही — ड्युटीवरच्या माणसाने गिऱ्हाइकाकडे बघावं तसं. म्हणाले, "बाई, तुम्ही खोटं बोलून राहिल्या."

तुम्ही म्हणाले मला.

८ मे

पिशवी धान्याच्या कोठीमागे लपवली. हे दिवसभर खुंटीखाली उभे राहिले. लहान मुलासारखे ओठ काढून रडले. पिशवी आणून दिली.

९ मे

इंद्रकुमारला फोन केला. म्हटलं, तुझं औषध आता लागू पडत नाही रे. तो म्हणाला, "काकू, काका इकडे आले तर येऊ द्या. मी पाहतो."

काय पाहणार? दोन किलोमीटर. मध्ये तीन डीपी, आणि हे ऊन.

१३ मे

फाटकाला कुलूप लावते आता. लाइन गेली की हे कुलपाशी जाऊन उभे राहतात, आणि मी आत देवासमोर. शंकरासमोर म्हणावं की सिस्टरनी शिकवलेलं म्हणावं, तेही ठरत नाही. दोन्ही म्हणते. कुठल्याच लाइनवर पलीकडून कोणी उचलत नाही.

वच्छला म्हणते, "बाई, माणसाले कुलपात ठेवून होते का?" खरं आहे. पण मग कशात ठेवू?

१९ मे

हे घरात नाहीत.

साडेअकराला लाइन गेली तेव्हा मी न्हाणीत होते. वच्छला ताक द्यायला आली होती, तिच्यासाठी उघडलेलं कुलूप मी परत लावलं नाही. मीच. खुंटी रिकामी आहे. कोपऱ्यावरच्या डीपीशी नाहीत, देवळाकडे नाहीत. वच्छलाचा माणूस मोटरसायकल घेऊन फाट्याकडे गेलाय. वच्छला मला म्हणाली, तुम्ही घरीच बसा, इकडे आले तर. म्हणून बसले आहे आणि हे लिहिते आहे, कारण हाताला दुसरं काही येत नाही.

लाइन अजून आलेली नाही. येऊ नये. देवा, यांचा हात कुठे असेल माहीत नाही — येऊ देऊ नकोस.

१९ मे, संध्याकाळ

सापडले. सबस्टेशनमध्ये बाकावर बसले होते, पिशवी मांडीवर, शांत. इंद्रकुमारने परमिटच्या बुकातला एक जुना फॉर्म त्यांच्या हातात दिला होता. यांनी तो वाचला म्हणे, "सही माझीच हाये," म्हणाले, आणि बसले.

यांना घरी आणून सोडलं तेव्हा तो फॉर्म इंद्रकुमारने मला दिला. म्हणाला, "काकू, तुम्हाला दाखवू नको म्हटलं होतं त्यांनी. आता ठेवा तुमच्याजवळ."

यांचंच ठळक, सरळ अक्षर. तारीख तीन वर्षांपूर्वीच्या जूनमधली. नागपूरच्या डॉक्टरांकडे गेलो त्याच्या अकरा महिने आधीची.

'मला आताशा विसरायला होते. पुढे कधी मी परमिट मागितले तर देऊ नये. घरी मागितले तर भेटले नाही असे सांगावे, मी ऐकेन. बायको खोटे बोलत नाही. तिला जड जाईल. तिला शिकवून द्यावे.'