चपलांची लाईन

१ जानेवारी १९७८, सकाळी ६.४०

आजपासून रोजनिशी. पाचला उठणार होतो, पण गजराचं घड्याळ इंदूच्या उशाशी होतं आणि तिने ते बंद केलं. उद्यापासून माझ्या उशाशी.

यंदाचा संकल्प एकच. दिल्लीच्या संस्थेचा पोस्टाने शिकायचा ‘जनसेवा व्यवस्था’ हा कोर्स पुरा करणे. बारा धडे, शेवटी टीमने करायचा एक प्रोजेक्ट, मग सर्टिफिकेट. जूनमध्ये आमच्या नंदनवनच्या धर्मादाय दवाखान्याची नवी इमारत उघडणार. तिथे दारातच स्वागत अधिकाऱ्याची जागा आहे. टेबल, टेलिफोन, फिरती खुर्ची. सेक्रेटरी मनोहरराव स्वतः म्हणाले, कोर्स करा बाबाराव, मग विचार करू. अकरा वर्षं केसपेपरच्या खिडकीत लाकडी स्टुलावर काढली. मनोहरराव ‘विचार करू’ म्हणाले म्हणजे झालंच.

९ जानेवारी

धडा पहिला आला. छपाई फार फिकी. हात लांब करून वाचावं लागतं. मुद्दा असा की सेवा देणाऱ्याने एकदा तरी घेणाऱ्याच्या जागी उभं राहावं. स्वाध्याय १: आपल्याच ऑफिसात सामान्य माणसासारखे लाईनीत लागा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आणि अनुभव लिहा.

मला लागायची गरज नाही. अकरा वर्षं तीच लाईन समोरून पाहतो आहे. बसल्या जागी दोन पानं लिहून काढली. ‘लाईन सुरळीत चालते. क्लार्क तत्पर आहे.’ रजिस्टर्ड पोस्टाने धाडलं.

२७ जानेवारी

दहापैकी तीन. शेरा: ‘आपण खरोखर उभे राहिलात काय?’ दिल्लीच्या लोकांना नागपूरच्या माणसाची निरीक्षणशक्ती सहन होत नाही.

इंदूला दाखवलं. ती म्हणाली, “एक दिवस लागा ना लाईनीत. मनातलं काहून लिहून राहिले? अन् तेवढ्यात डोळेही दाखवून घ्या. पेपर हातभर लांब धरून वाचता.” तिला थियरी कळत नाही. डोळे ठणठणीत आहेत, छपाई फिकी आहे.

५ फेब्रुवारी, रविवार

संस्थेने नागपुरातल्या आणखी दोन विद्यार्थ्यांचे पत्ते पाठवले. शोभाताई, टेलिफोन ऑपरेटर. ओमप्रकाश, एस.टी. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसतो. दोघंही पोरसवदा. आज आमच्या घरी पहिली मीटिंग झाली. तर्री-पोहे उत्तम जमले होते. वयाने मोठा म्हणून मी लीडर. कोणी हरकत घेतली नाही. कोणी काही बोललंच नाही.

विषय मीच दिला: आमच्या दवाखान्याची बुधवारची लाईन. बुधवारी डोळ्यांचे डॉक्टर येतात, चाळीस पेशंट पाहतात आणि जातात. भिवापूर, काटोलकडचे लोक पहिल्या बसने येतात. दार नऊला उघडतं. तोवर प्रत्येकजण आपल्या चपला दारापासून एकामागे एक ठेवतो आणि कडुनिंबाखाली जाऊन बसतो. चप्पल तोच नंबर. एकजण वीट ठेवतो, कारण तो अनवाणी येतो. भांडण कधी होत नाही, पण दिसतं किती वाईट. दवाखान्याच्या दारात नुसत्या चपला.

शोभाताई म्हणाल्या, आधी नुसतं पाहू. ओमप्रकाश म्हणाला, लोकांशी बोलू. मी म्हटलं, तुम्ही पाहा, तुम्ही बोला, नियोजन माझ्याकडे. याला कामाची वाटणी म्हणतात. धडा चौथा (चाळला आहे).

२१ फेब्रुवारी

उद्या मनोहरराव येऊन लाईन पाहणार. मी त्यांना काहीतरी सुधारणा दाखवणार. टीमला कळवलं नाही. लीडरने कधी कधी एकट्याने पाऊल उचलावं.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळी ७

सुधारणा झाली. सकाळी आठला शिपाई नत्थूकडून सगळ्या चपला नीट लावून घेतल्या. पुरुषांच्या उजव्या भिंतीला, बायकांच्या डाव्या. जोडीने, टाचा भिंतीला टेकवून. नत्थू म्हणाला, “सायेब, राहू द्या ना.” मी ऐकलं नाही. वीट फेकून दिली. असा देखणा व्हरांडा मी अकरा वर्षांत पाहिला नव्हता.

नऊला लोक निंबाखालून आले आणि थबकले. नंतर जे झालं त्याला गोंधळ म्हणता येईल. कोण कोणाच्या पुढे, कोणालाच सांगता येईना. विटेचा माणूस मला विटेबद्दल विचारत होता. भिवापूरचे मारोतराव, सत्तरीचे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पहाटेपासून पहिल्या नंबरावर होते. ते मला म्हणाले, “बाबू, माही चप्पल दाराशी होती गा.” आवाज चढवला नाही. मी त्यांना नवी रचना समजावून सांगितली. ढकलाढकलीत त्यांचा नंबर चाळिसाच्या मागे गेला. डॉक्टर एकला उठले. मारोतराव भिंतीच्या कडेकडेने पायाने चाचपत आपली जोडी शोधत होते. शेवटी नत्थूने शोधून दिली.

मनोहरराव ऐन गोंधळात आले. हीच ती समस्या, असं मी त्यांना सांगितलं.

जेवण गेलं नाही. सकाळचे पोहे जड झाले असावेत.

१ मार्च

चपला पूर्ववत. शोभाताईंनी आज सकाळी सहाला स्वतःची चप्पल लाईनीत ठेवली. बाविसावा नंबर. ओमप्रकाश घड्याळ आणि वही घेऊन खिडकीजवळ बसला. दोघांना पूर्ण मोकळीक देऊन मी चहाला गेलो. आज मारोतराव पहिले होते. त्यांना ऑपरेशनची तारीख मिळाली. मी खिडकीतून हात केला, पण त्यांना दिसला नसावा.

२३ मार्च

रिपोर्ट तयार. बत्तीस पानं, इंग्रजी, शोभाताईंनी टाइप केला. त्या दोनदा म्हणाल्या, बाबारावजी, पान चौदा नीट वाचा, मग सही करा. टाइपरायटरची रिबन इतकी फिकी की पान चौदा काय, पान एकही वाचवेना. तसंही लीडरने बारकाव्यात शिरू नये. मी चार संध्याकाळी कव्हरवर घालवल्या. स्टेन्सिलने नावं. माझं वर, मोठं. मग प्रत्येक पानावर सही केली.

शोभाताई म्हणाल्या, सेक्रेटरींना प्रत द्यायची का, ते तुम्हीच ठरवा. मी लगेच नेऊन मनोहररावांच्या टेबलावर ठेवली. संधी अशी साधावी लागते.

१२ मे

प्रथम श्रेणी. दिल्लीचा शेरा: ‘असा प्रामाणिक रिपोर्ट क्वचित येतो.’ स्टाफला संत्रा बर्फी वाटली. नत्थूला दोन तुकडे दिले. झालं गेलं विसरून जावं.

१५ मे, दुपारी ३

मनोहररावांनी बोलावलं. कोट घालून गेलो. ऊन असं की टेलरनेही कोट शिवताना त्याचा विचार केला नसेल. त्यांनी रिपोर्ट उघडला आणि पान चौदा मोठ्याने वाचलं, मराठी करून. ते इथे उतरवून ठेवतो, म्हणजे पुढे वाद नको.

‘चपलांची पद्धत लोकांनी स्वतः बसवलेली व उत्तम आहे. तिला हात लावू नये. लाईन चपलांपाशी अडत नाही, केसपेपरच्या खिडकीशी अडते. क्लार्क १०.१० ला चहाला जातो, १०.४० ला येतो. प्रत्येक नाव तीनदा विचारतो. कागद हातभर लांब धरूनही चुकीचा काढतो. सूचना: खिडकी बंद करावी, केसपेपर पेशंटकडेच राहू द्यावा. क्लार्कचे डोळे तपासावेत.’

मनोहरराव चष्मा काढून म्हणाले, “बाबाराव, सही तुमचीच ना?”

बत्तीस पानांवर बत्तीस सह्या. हो म्हणालो.

ते उठून उभे राहिले. म्हणाले, स्वतःच्या खुर्चीविरुद्ध असं लिहायला छाती लागते, तीस वर्षांत असा माणूस पाहिला नाही. माझा हात दोन्ही हातांत घेतला. मी म्हटलं, कर्तव्य केलं. दुसरं काय म्हणणार होतो.

घरी आलो. इंदूने पाणी दिलं. मला रडू आलं. कोट लोकरीचा होता, त्यामुळेही असेल.

१४ जून, बुधवार

नवी इमारत सुरू झाली. खिडकी नाही. स्वागत अधिकारीही नाही; रिपोर्टप्रमाणे लोक लाईन स्वतःच लावतात, त्यामुळे गरज उरली नाही. दारापासून फरशीवर चाळीस चौकोन रंगवले आहेत, एकेका चौकोनात एक जोडी. विटेसाठीही जागा आहे. मला जुन्या केसपेपरांच्या खोलीत दिलं आहे. शांतता आहे. लेबलं वाचवत नाहीत.

२१ जून, बुधवार

डोळे दाखवायचे ठरवलं. रिपोर्टचा मान राखावा म्हणून. मागच्या दाराने जात होतो, नत्थूने अडवलं. “सायेब, चप्पल ठेवा अन् निंबाखाली बसा.” चौकोन एकतीस.

निंबाखाली एक म्हातारे सरकले, जागा दिली. मारोतराव. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, जाड काचेचा चष्मा. चष्मा सारखा करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “तुमीच ना गा ते, चपला नीट लावणारे? आता दिसते मले.” आणि पिशवीतून मिरचीची भाकरी काढून अर्धी मला दिली. खाल्ली. मिरची भिवापूरची होती, डोळ्यांतून पाणी आलं.

बाराला नंबर लागला. आतली खुर्ची ओळखली. तीच. फिरती. स्वागतासाठी घेतली होती, आता पेशंटला बसवायला वापरतात. बसलो. थोडी फिरवूनही पाहिली. डॉक्टरांनी पायाने थांबवली आणि समोरच्या पाटीवरचं अक्षर विचारलं. मी सांगितलं, छपाई फिकी आहे.

चार मिनिटं बसायला मिळालं. मग नत्थूने बत्तीसला हाक मारली.